बाबांच्या आवाजाची राखण

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, तारीख ही, आणि त्यानंतर तोंडाने बोलणं होणार नाही. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मात्र एक वाट दाखवली. घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालायचा. तो समोर एकेक वाक्य दाखवतो, ते आपण माइकसमोर वाचायचं. ठरलेली सगळी वाक्यं वाचून झाली की ती एकदम त्यांच्याकडे पाठवायची. त्यातून एक आवाज तयार होतो. पुढे पाटीएवढ्या यंत्रावर काहीही टाइप केलं की यंत्र ते बाबांच्या आवाजात बोलेल.

"म्हणजे मी मेल्यावरही हिला टोमणे मारायची सोय झाली," बाबा आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे बघत म्हणाले.

"आधी जिवंतपणीचे उरलेत ते मारून घ्या," आई म्हणाल्या.

बाबांचा धंदा कुलुपांचा. पुढच्या खोलीत दुकान, आणि कुणाचं दार लागून गेलं, किल्ली आत राहिली, की हत्यारांची पिशवी घेऊन त्या घरी जायचं. आता दुकान बंद ठेवून ते दुपारभर मागच्या लहान खोलीत बसत. आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींना गाद्या टेकवून दिल्या होत्या. प्रोग्रॅम वाक्यं देई ती कुठलीही असत.

"'पिवळ्या भिंतीमागे दोन झाडं उभी होती.' कोण बोलतं असं?" बाबा विचारत. "माझ्या जन्मात मी असं वाक्य बोललेलो नाही."

"वाक्याला अर्थ नकोय बाबा. सगळे उच्चार एकमेकांशेजारी यायला हवेत, म्हणून ती तशी रचलीत."

"बरं, पाणीवाल्या बाई. तुम्ही म्हणाल तसं."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्यांनी मला हे नाव ठेवलेलं. नवरा मालगाड्या चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि त्या दिवसांत सगळं घर बाबांच्या वाचनाच्या वेळा सांभाळत होतं. कुकरची शिट्टी नाही, दाराची घंटा नाही, आईंची शिवणाची मशीनसुद्धा गप्प. आवाज दिवसेंदिवस घोगरा होत चालला होता, तरी जवळजवळ सगळी वाक्यं वाचून झाली होती.

अशाच एका दुपारी मी प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याचे नमुने लावत होते तेव्हा आईंचा फोन आला.

"अगं, कॉम्प्युटर बोंबलत होता."

"बोंबलत होता म्हणजे?"

"भोंगा वाजत होता त्यातून. सगळी स्क्रीन लाल. आता थांबला. यांनी त्या माणसाला फोन केला ना."

"कुठल्या माणसाला?"

"स्क्रीनवर नंबर आलेला. चांगला बोलतो गं. आता तोच दुरुस्त करतोय. माऊसला कुणी हात लावत नाहीये आणि बाण आपला इकडून तिकडे पळतोय, बघत बसावंसं वाटतं."

मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"आई, बाबांना सांगा, फोन ठेवा आणि कॉम्प्युटर बंद करा. आत्ता."

"अहो, ती म्हणतेय बंद करा!"

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, बंद करू नका असंच लिहून आलंय. बंद केला तर फाइली जातील."

"आई, बाबांचं राहू दे. तुम्ही भिंतीतली वायर ओढा."

"ते ओरडतील गं."

"ओरडू देत."

"ओरडायचं नाही असं सांगितलंय ना डॉक्टरांनी."

एवढ्यात बाबा खरंच ओरडले. माझ्यावर नाही, आईंवरही नाही. "अहो, हे काय करताय? ते नका काढू! ते माझं आहे! थांबा म्हणतो ना!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, आणि शांतता.

"ओढली," आई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तू ये बाई लवकर. यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही."

घरी पोचले तेव्हा बाबा काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर बसले होते. मी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

घसा मोकळा राहायला काय करावं, हे ते शोधत होते. उरलेली वाक्यं तरी नीट यावीत म्हणून. एका पानावरून दुसऱ्यावर गेले, तिथून तिसऱ्यावर, आणि तिथे भोंगा सुरू झाला. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. बंद केलात तर तुमच्या फाइली नष्ट होतील. ताबडतोब या नंबरवर फोन करा.

"फाइली म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही," बाबा म्हणाले. "एरवी मी पत्त्याची पाटी बघितल्याशिवाय कुणाच्या कुलपाला हात लावत नाही."

"आणि त्या माणसाला आपल्या कुलपाला हात लावू दिलात," आई म्हणाल्या.

"अगं, आयुष्यभर मी काय केलं? लोक घाबरून मला फोन करतात. मी अनोळखी. तरी ते मला दाराशी वाकून बसू देतात, त्यांच्या कुलपात आकडा घालू देतात. माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर जेवलो असतो का आपण? आज मी घाबरलेला होतो आणि तो हत्यारं घेऊन आलेला. मला वाटलं, हा आपल्याच धंद्यातला."

आईंनी त्यांच्यासमोरचा रिकामा पेला उचलून पुन्हा भरून आणला.

त्या माणसाने बाबांना एक प्रोग्रॅम उतरवायला लावला, त्यातून तो आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. मग ओळख पटवण्यासाठी म्हणून पासवर्ड मागितला, बाबांनी सांगितला. मग बँकेचं पान उघडा म्हणाला. तिथे बाबांना खटकलं. "तुम्ही कोण, कुठले, काहीतरी पुरावा दाखवा," असं त्यांनी विचारलं. त्याने गोड बोलून बघितलं, मग आवाज चढवला, आणि बाबा ऐकेनात म्हटल्यावर 'बाबांचा आवाज' नाव दिलेलं फोल्डर उघडून त्यातला एकेक गठ्ठा पुसायला लागला. बाबांच्या डोळ्यांसमोर. तेव्हा आईंनी वायर ओढली.

"दुसरीकडे कुठे आहे का गं ते?" आईंनी विचारलं.

नव्हतं. सगळी वाक्यं पूर्ण झाल्यावर पाठवायची होती, आणि ती पूर्ण व्हायची होती. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं.

बाबांचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला. "लावून बघू या तरी, काय उरलंय."

"नाही," मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं असावं, कारण त्यांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मी कॉम्प्युटरतज्ज्ञ नाही. पण नमुना दूषित झाला की काय करायचं आणि काय नाही, हे माझं रोजचं काम आहे. आधी तो बाजूला काढायचा. त्याचा स्पर्श दुसऱ्या कशाला होऊ द्यायचा नाही. तो शुद्ध आहे असं सिद्ध होईपर्यंत तो दूषितच समजायचा. आणि घाईघाईने त्यात काही ढवळायचं नाही, कारण ढवळल्यावर आधी काय होतं ते कळायची सोय राहत नाही. मी तेच करायचं ठरवलं. नेटच्या पेटीची वायर काढली. कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मग प्रयोगशाळेतल्या आमच्या वायरताईला फोन केला. ती तिथली सगळी यंत्रं सांभाळते, म्हणून हे नाव.

"चालू केलास का?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही."

"शहाणी. पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून लिहिली जाते. दुसरं काही तिच्यावर लिहिलं गेलं की मग गेली. आणि चालू केलेला कॉम्प्युटर सतत काहीतरी लिहीत असतो. डिस्क जुनी आहे ना, तबकडीवाली? मग आशा आहे. उद्या काढून आण. पण आधी पासवर्ड बदल. सगळे. त्या कॉम्प्युटरवरून नाही, तुझ्या फोनवरून."

"सगळे म्हणजे?"

"तो पासवर्ड जिथे जिथे आहे तिथले."

मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघायला लागले.

इथे आमच्या घराबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरातली सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडतात. पुढचं दार, मागचं दार, दुकानाचं शटर, कपाट, गच्चीची जाळी, सगळी. लग्न झाल्यावर आईंना कमरेला जुडगा बाळगायला लागू नये म्हणून बाबांनी हौसेने प्रत्येक कुलपाच्या आतल्या पिना बदलून ती एकमेकांसारखी करून घेतली होती. पाहुण्यांना ते हे अजूनही करून दाखवतात. मग घरात कॉम्प्युटर आला, ईमेल आलं, बँक नेटवर आली, विजेचं बिल आलं, आणि बाबांनी त्या सगळ्यांना तोच नियम लावला. एक पासवर्ड. आईंचाही तोच. माझ्या नवऱ्याचाही तोच, कारण तो बाबांनीच घालून दिलेला.

"कुणी एक कुलूप फोडलं तर फोडलं," बाबा पुटपुटले, "पण त्याला आपली किल्ली थोडीच मिळते?"

"इथे किल्लीच दिलीत ना हातात," आई म्हणाल्या. "अख्खा जुडगा एका किल्लीत."

"तुझ्यासाठीच केलं होतं ते!"

"आता माझ्यासाठीच बदला."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायचा रस्ता ईमेलमधून जातो. ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. मग बँक. बँकेला फोन करून खात्यावर नजर ठेवायला सांगितलं, आणि जिथे जमलं तिथे पासवर्डनंतर फोनवर आकडे येण्याची सोय लावली. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, आणि लांब. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द जोडून केलेला.

"सांगा बाबा, शब्द."

"कानस," बाबा म्हणाले. "बिजागरी."

"एकाच दुकानातले नकोत. संबंध नको."

"मग कानस, बेडूक..."

"हे यांच्या डोक्यातलं दिसतंय," आई म्हणाल्या. "तिथे कशाचाच कशाशी संबंध नसतो."

बाबा हसले. हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. खोकला थांबत असतानाच त्यांचा फोन वाजला. नंबर तोच होता.

"घेऊ नका," मी फोनकडे हात नेत म्हटलं.

बाबा फोनकडे बघत राहिले. तो वाजून थांबला, आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"त्याने फाइली स्वतःकडे घेतल्या असतील तर?"

"आवाजाच्या फाइली जड असतात बाबा. आपल्या घरातून बाहेर जाणारी लाइन किती बारीक आहे ते तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलाला माझा चेहरा गोठलेला दिसतो. तेवढ्या वेळात एवढं सगळं बाहेर गेलं असेल, याची शक्यता फार कमी आहे."

"फार कमी. शून्य नाही."

"शून्य नाही," मला कबूल करावं लागलं.

"आवाज माझा आहे, सूनबाई."

ते मला कधी सूनबाई म्हणत नाहीत. मी हात मागे घेतला. त्यांनी फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सर, मघाशी आपलं कनेक्शन तुटलं," तो माणूस म्हणाला. आई म्हणाल्या ते खरं होतं, तो खरंच चांगला बोलत होता. "काळजी करू नका. आपल्या सगळ्या फाइली आमच्याकडे सुरक्षित आहेत. आवाजाच्या फाइली आहेत ना, सर? महत्त्वाच्या असतील. थोडं शुल्क भरलंत की लगेच परत मिळतील."

आईंनी माझा दंड धरला. बाबा पुढे वाकले.

"आमच्या धंद्यात एक पद्धत आहे," ते म्हणाले. घसा साथ देत नव्हता, म्हणून ते एकेक शब्द सुटा बोलत होते. "कुणी बोलावलं, म्हणाला हे माझं घर, किल्ली हरवली, की दार उघडण्याआधी मी विचारतो, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे? ज्याचं घर असतं तो पटकन सांगतो. चपलांचं कपाट आहे. आरसा आहे. दार उघडलं की मी आधी ते बघतो."

"सर, मला समजलं नाही."

"माझ्या फाइली तुझ्याकडे आहेत. त्यातलं एक वाक्य सांग."

"सर?"

"एक. कुठलंही. ऐक आणि मला म्हणून दाखव."

"सर, आम्ही ग्राहकांच्या फाइली उघडत नाही. गोपनीयतेचा..."

"मी परवानगी देतो. उघड."

पलीकडे दुसरं कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. "सर, आधी शुल्क भरावं लागेल, त्याशिवाय..."

"एक वाक्य," बाबा म्हणाले. "सांगितलंस तर आपण पुढचं बोलू."

फोन तिकडूनच कापला गेला. मी बाबांच्या फोनवर तो नंबर ब्लॉक करून टाकला. बाबांच्या कपाळावर घाम होता. "त्याच्याकडे नाही," ते म्हणाले. मग घाम पुसत, "पण म्हणून माझ्याकडे आहे असंही नाही."

"असेल तर त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहे. उद्या बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच डिस्क काढून दिली. स्क्रू लहान होते, आणि असल्या कामाला त्यांचाच हात. मी ती कापडात गुंडाळून वायरताईकडे नेली. तिने ती दुसऱ्या यंत्राला जोडली, फक्त वाचता येईल अशी, लिहिता येणार नाही अशी, आणि एक प्रोग्रॅम लावून दिला. तो डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे सापडेल ते गोळा करत गेला. मी माझं पाण्याचं काम करून मधूनमधून डोकावत होते. ती हात हलवून परत पाठवत होती.

"ये आता," ती शेवटी म्हणाली. "सापडलंय. पण नुसत्या नावावर जाऊ नकोस. काही आतून फाटलेल्या असतात. एकेक ऐकावी लागेल."

कानाला हेडफोन लावून मी एकेक ऐकली. पिवळ्या भिंतीमागे दोन झाडं उभी होती. धाकट्या भावाने छत्री उलटी धरली. एका फाइलीत वाक्यानंतर बाबा म्हणत होते, "पुढचं वाक्य लिहिणाऱ्याला इकडे बोलवा, त्याला दोन शब्द ऐकवतो." त्यांना माइक बंद झालाय असं वाटलेलं. मी हसले आणि मग मला चष्मा काढून पुसावा लागला. वायरताईने तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

बहुतेक वाक्यं शाबूत होती. पण त्या माणसाने पुसायला सुरुवात केली ती सगळ्यात जुन्या गठ्ठ्यापासून, आणि त्याच्यावर त्याच्या प्रोग्रॅमने आपलं काहीतरी लिहून ठेवलं होतं. तो गठ्ठा उघडला की नुसती खरखर यायची. ती पहिल्या दिवसांतली वाक्यं होती. आवाज सगळ्यात मोकळा होता तेव्हाची.

उपचार करणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आहेत त्या वाक्यांवर आवाजाचा पाया उभा राहील, पण गेलेल्या गठ्ठ्यात असे काही उच्चार आहेत जे बाकी कुठे आलेले नाहीत. ते नसतील तर यंत्र तिथे अडखळेल. घोगरी का होईना, ती वाक्यं हवीत.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी गळ्यावरून हात फिरवला.

"मग गादी लाव भिंतीला," ते म्हणाले.

"आधी कॉम्प्युटर. मग गादी."

वाचवलेली वाक्यं मी दोन पेनड्राइव्हवर घेतली होती. एक प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात, एक आईंच्या शिवणाच्या डब्यात, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी दुसरं राहील. कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क घातली आणि सगळं पहिल्यापासून चढवलं. महिनोन् महिने बाबा 'नंतर' म्हणून ढकलत आलेले सगळे अपडेट घातले. बाबांसाठी एक साधं खातं केलं, ज्यातून नवा प्रोग्रॅम घालताच येणार नाही.

"माझ्या घरात मला परवानगी लागणार?"

"मलाही लागणार. मीसुद्धा रोज साध्याच खात्यातून काम करणार. मोठं खातं फक्त काही नवीन घालायचं असेल तेव्हा."

"म्हणजे तुम्हीही स्वतःवर विश्वास ठेवत नाही, पाणीवाल्या बाई."

"घाईत असले की नाही ठेवत."

हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. वाचनाच्या खोलीत नेटची वायर मी पोचूच दिली नाही. माइक आणि कॉम्प्युटर, बस. रोजचं काम झालं की ते दोन्ही पेनड्राइव्हवर जायचं आणि एक माझ्या पर्समधून प्रयोगशाळेत.

आता वाचन सोपं नव्हतं. प्रोग्रॅमला आवाज पसंत पडला की स्क्रीनवर हिरवी पट्टी येई, नाही पडला की लाल आणि खाली एक ओळ. आवाज अस्पष्ट. पुन्हा वाचा. पूर्वी लाल पट्टी क्वचित येई. आता एकेका वाक्याला पुन्हा पुन्हा येत होती. बाबा वाचत, थांबत, कोमट पाणी पीत, वाचत. आई दाराबाहेर स्टुलावर बसून असत, कुणी घंटा वाजवू नये म्हणून. मी रोज अर्ध्या दिवसाची रजा घेत होते.

"बास झालं का आज?" मी विचारायची.

ते बोट वर करायचे. एक अजून. बोलणं वाया घालवायचं नाही म्हणून आता ते बाकी सगळं खुणांनीच सांगत होते. आपल्याला हे फार सोयीचं पडतंय असं आई म्हणायच्या, पण स्टूल सोडून कुठे जायच्या नाहीत.

एका वाक्याने फार छळलं. 'ढगांच्या ढिगाऱ्याखाली झोपडं झाकलं.' त्यातला प्रत्येक ढ आणि झ घशात अडकत होता. लाल. लाल. लाल. बाबांनी माइक बाजूला सारला, उठले, भिंतीला लावलेल्या गादीवर कपाळ टेकवून उभे राहिले. ते वळून परत बसले, माइक जवळ ओढला, आणि ते वाक्य इतकं सावकाश म्हटलं, जणू अवघड कुलपातली एकेक पिन बोटाने चाचपतायत. हिरवी पट्टी आली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढचं वाक्य घेतलं.

ठरलेली सगळी वाक्यं झाली तेव्हा मी ती स्वतः बाईंकडे नेऊन दिली, हातात, नेटवरून नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बाई यंत्र घेऊन दवाखान्यातल्या खोलीत आल्या. बाबा पलंगावर पाय सोडून बसले होते. कुठलाच आवाज अगदी तंतोतंत नसतो, बाईंनी आधीच बजावलं. काही शब्दांत घोगरेपणा येईल, कारण ती वाक्यं घोगरी आहेत. मग त्यांनी यंत्र पुढे केलं. "काय टाइप करायचं?"

बाबा हात पुढे करणार तोच आईंनी यंत्र घेतलं. "मला बघू दे." त्या एका बोटाने अक्षरं शोधत गेल्या. जिभेचं टोक दातांत. आम्ही थांबलो. मग त्यांनी बटण दाबलं.

"तुझं बरोबर होतं," बाबांचा आवाज म्हणाला. "माझंच चुकलं."

तो बाबांचाच आवाज होता. थोडा वाळलेला, पण त्यांचा, 'तुझं' म्हणताना अर्ध्यावर थांबणारासुद्धा. आईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला नक्की सांगता येणार नाही.

"हे मी कधीही बोललेलो नाही!" बाबा म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी जपून ठेवलेला सगळा आवाज या एका वाक्यावर खर्च झाला.

"आता बोललात. साक्षीदार आहेत," आई म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबलं. तुझं बरोबर होतं. माझंच चुकलं.

"याला पासवर्ड लागतो का हो बाई?" बाबांनी विचारलं.

"लावता येतो."

"आण इकडे." त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. "तोंडं फिरवा. तिघींनी."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना खूण केली आणि आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. मागे टकटक सुरू झाली. बराच वेळ ती थांबली नाही.

"निबंध लिहिताय का?" आईंनी भिंतीला विचारलं.

"वळू नकोस," बाबा म्हणाले, आणि टकटक पुढे चालू राहिली.